टाकी आहे का, हे कोणी शोधायचे?

न्यू जर्सीतील मेटचन, क्रॅनफर्ड, वेस्टफील्ड, मॉन्टक्लेअर या जुन्या गावांत न्यूयॉर्कला जाणारी रेल्वे जवळ असते, शाळा चांगल्या असतात, रस्त्यांच्या दुतर्फा मोठी झाडे असतात. एडिसन-पार्सिपनीच्या अपार्टमेंटमधून स्वतःच्या घरात जाऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांची नजर साहजिकच या गावांकडे वळते. इथली बरीच घरे १९२० ते १९६० या काळात बांधलेली आहेत. त्या काळी हिवाळ्यात घर उबदार ठेवायला आधी कोळसा आणि मग तेल जाळत. हे हीटिंग ऑइल डिझेलशी अगदी मिळतेजुळते असते. ते साठवायला बेसमेंटमध्ये किंवा अंगणात जमिनीखाली पोलादी टाकी असे. जमिनीखालची टाकी बहुधा ५५० किंवा १,००० गॅलनची, म्हणजे दोन हजार ते पावणेचार हजार लिटरची. पुढे गॅस आला. तेलाचा बर्नर गेला, टाकी मात्र जागच्या जागी राहिली. तिच्यावर लॉन वाढले, कुठे ड्राइव्हवे आला, कुठे लाकडी डेक. घर तीन-चार वेळा विकले गेले आणि टाकी आहे हे सांगणारे कोणी उरले नाही.

अशी टाकी आहे की नाही हे शोधण्याची जबाबदारी कोणाची, हा वादाचा मुद्दा आहे. माझे मत असे की जुने घर विकायला काढण्यापूर्वी जमिनीखालचा शोध कायद्याने सक्तीचा करावा, तो विकणाऱ्याने करून घ्यावा आणि टाकी सापडल्यावरचा खर्च मात्र त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडू नये. याच्या विरोधातले म्हणणे वजनदार आहे, त्यामुळे ते मी एका व्यक्तीच्या तोंडी घालतो. सत्तरच्या दशकात भारतातून आलेले, इथले बहुतेक आयुष्य एकाच घरात राहिलेले आणि आता ते घर विकून मुलाजवळ राहायला जाऊ पाहणारे हे काका. काका कल्पित आहेत. त्यांचे आक्षेप जुने घर विकणाऱ्या कोणाच्याही मनात येतील असेच आहेत.

काका म्हणतात, “मी घर घेतलं तेव्हा घरात गॅसच होता. टाकी असलीच तर ती मी पुरली नाही, तिच्यातलं तेल मी जाळलं नाही. इतकी वर्षं प्रॉपर्टी टॅक्स भरला, छप्पर दोनदा बदललं, बेसमेंटमध्ये पाणी शिरलं ते निस्तरलं. आता घर हीच माझी म्हातारपणाची पुंजी. तुम्ही मंडळी म्हणता, आधी अंगण तपासा, तेही माझ्या पैशाने. आणि टाकी निघालीच तर घराचा भाव कोसळणार, गिऱ्हाईक पळणार. पन्नास वर्षं जी वस्तू कुणालाही त्रास न देता पडून आहे, ती उकरायची कशाला?”

काकांच्या प्रश्नातला ‘पडून आहे’ हा भाग आधी तपासू. जमिनीतले पोलाद नुसते पडून राहत नाही. टाकी पुरताना खड्डा भरायला मिळेल ते वापरले जाई. कोळशाच्या भट्टीतली राख आणि खडी सहज हाताशी असे. ओलसर राखेला लागून असलेले पोलाद भराभर गंजते. एका बाजूला चिकणमाती आणि दुसऱ्या बाजूला वाळू असली तरी एकाच पत्र्याच्या दोन भागांत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यातला एक भाग खाल्ला जातो. हे झाले बाहेरून. आत हवेतल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते, म्हणजे टाकी आतून तळाशीच सडते. तेल किती उरले हे पाहायला भरणीच्या पाइपातून लाकडी पट्टी सोडत. ती वर्षानुवर्षे तळाच्या एकाच जागी आपटून तिथला पत्रा झिजे. टाकी बाहेर काढताना हे सगळे उघड्यावर येते. खोदणारे आधी वरची बाजू उघडी करतात, पत्रा कापतात, उरलेले तेल आणि काळा गाळ पंपाने ओढतात, मग आत उतरून चिंध्यांनी तळ पुसून घेतात. नंतर साखळीने टाकी वर उचलून अंगणात ठेवतात आणि अंगावरची माती खरवडतात. वरून पाहता टाकी धडधाकट वाटते. पालथी केली की पोटाकडच्या भागात मोहरीएवढी, वाटाण्याएवढी भोके दिसतात आणि कापलेल्या बाजूने आलेला उजेड त्यांतून आरपार जातो. खड्ड्यातली माती राखाडी झालेली असते आणि तिला केरोसीनसारखा वास येतो.

टाकी रिकामी करून सोडली असेल, असे मानायलाही फारसा आधार नाही. तेलाकडून गॅसकडे जाण्याचा इतिहास पाहिला की कारण कळते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची तेलवाहू जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा टेक्सासमधून ईशान्येकडे ‘बिग इंच’ आणि ‘लिट्ल बिग इंच’ या दोन प्रचंड पाइपलाइनी टाकल्या गेल्या. त्यांतली दुसरी न्यू जर्सीतल्या लिंडनला येऊन पोचत होती. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, सरकारने त्या विकल्या आणि त्यांतून नैसर्गिक वायू वाहू लागला. गावोगावी गॅसचे जाळे पसरत गेले, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर तेलाचा भाव भडकला तेव्हा मागे राहिलेल्यांनीही घाई केली. गॅसची जोडणी करणारा माणूस बेसमेंटच्या भिंतीतून आलेल्या दोन बारीक तांब्याच्या नळ्या कापून, टोके चेपून मोकळा होई. बाहेरची टाकी रिकामी करणे हे त्याचे काम नव्हते आणि त्यासाठी कोणी पैसेही देत नव्हते. पाव, अर्धी, कधी त्याहून जास्त भरलेली टाकी तशीच राही. काकांच्या अंगणात तेल असेल तर ते काकांच्याच कारकिर्दीत गळले असण्याची शक्यता म्हणूनच कमी नाही. ते तिथे राहत होते, त्याच काळात पत्रा झिजत होता.

“टाकी मी पुरली नाही” हे खरेच आहे, पण न्यू जर्सीचा कायदा फक्त टाकी कोणी पुरली यावर थांबत नाही. १९७६ च्या स्पिल अ‍ॅक्टनुसार गळतीला जबाबदार असणाऱ्यावर दोष सिद्ध न होताही सफाईचे दायित्व येते, आणि जबाबदार अनेक असतील तर एकेकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. पुढे त्यात अशी तरतूद झाली की १४ सप्टेंबर १९९३ पासून जागा विकत घेणाऱ्याने घेण्याआधी पुरेशी चौकशी केली नसेल, तर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव त्याला मिळत नाही. तेलाची टाकी जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जाते, तिची जोखीमही तशीच जाते. ज्याने तेल जाळले तो वारलेला, ज्याने तेल पुरवले ती कंपनी बंद पडलेली, आणि ज्याने काल किल्ली घेतली तो तीस वर्षांच्या मॉर्गेजसह उभा, असे चित्र यातून तयार होते. काकांवर अन्याय होईल असे जे काका म्हणतात, तोच अन्याय टाकी न शोधता घर विकले की जसाच्या तसा पुढच्या माणसावर होतो, आणि त्याच्या गाठीला काकांइतकी पुंजीही नसते.

यावर काकांचे उत्तर तयार आहे: “राज्याने आता फॉर्म सक्तीचा केलाय की. ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक विकणाऱ्याला घराच्या स्थितीबद्दल लेखी माहिती द्यावी लागते. त्यात जमिनीखालच्या टाकीचाही प्रश्न आहे. मी खोटं लिहिणार नाही. मला टाकी माहीत नाही, म्हणून ‘माहीत नाही’ लिहीन. ज्याला शंका असेल त्याने माणूस आणावा, अंगण तपासावं. पैसे त्याचे, समाधान त्याचं.”

काका खोटे लिहिणार नाहीत याबद्दल मला शंका नाही. अडचण त्या प्रश्नातच आहे. फॉर्म विचारतो, तुम्हाला ठाऊक आहे का? ज्याला ठाऊक आहे त्याने सांगितलेच पाहिजे, आणि सांगितले की बँक कर्जाला कां-कूं करते, विमा कंपनी पॉलिसी द्यायला तयार होत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला यातले काहीच सोसावे लागत नाही. मग शहाणा विकणारा काय करील? शोधणार नाही. अशा कायद्यात अज्ञानाला भाव येतो आणि चौकशी करणारा प्रामाणिक माणूस तोट्यात जातो. घेणाऱ्याने शोधावे हा पर्याय कागदावर बरा दिसतो, पण जमीन त्याची नसते. मेटल डिटेक्टर फिरवायला, गरज पडली तर रडारचे यंत्र लावायला, संशय आला तिथे खणून पाहायला मालकाची परवानगी लागते आणि मालक ‘नाही’ म्हणू शकतो. एका घरावर दहा-दहा बोली लागतात तेव्हा आपली बोली उजवी ठरावी म्हणून घेणारे इन्स्पेक्शनचा हक्कच सोडून देतात. पहिलेच घर घेणारे, ज्यांना इथली जुनी घरे परिचयाची नाहीत असे लोक यात आधी सापडतात. महाराष्ट्रात घर तापवायचे नसते, इंधनाची जमिनीखालची टाकी आपण पेट्रोल पंपावरच पाहिलेली असते. त्यामुळे पुणे-नाशिकहून आलेल्या माणसाला लॉनमधून वीतभर वर आलेला, वाकडे तोंड असलेला लोखंडी पाइप म्हणजे टाकीचा व्हेंट पाइप आहे हे सुचणारच नाही.

ही माहिती सरकारदरबारी आयती मिळेल, असेही नाही. अमेरिकेच्या संसदेने १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला आणि १९८८ मध्ये त्याचे नियम आले. पेट्रोल पंपांना नोंदणी, गळती ओळखण्याची यंत्रणा, मुदतीत टाक्या बदलणे हे सगळे त्यातून लागू झाले. जिथे साठवले तिथेच जाळण्यासाठी ठेवलेले हीटिंग ऑइल मात्र त्यातून वगळले गेले. न्यू जर्सीतही घरगुती टाक्या नियमनाबाहेरच्या गटात मोडतात. राज्याच्या एकसारख्या बांधकाम संहितेचा अंमल १९७७ पासूनचा आहे; त्याआधी पुरलेल्या किंवा टाकून दिलेल्या टाकीचे परमिट नगरपालिकेच्या कपाटात सापडले तर नशीब. म्हणजे ज्या टाक्या सर्वांत जुन्या, त्यांचीच नोंद सर्वांत कमी. जमीन तपासल्याशिवाय त्या कळण्याचा मार्ग नाही, आणि ही तपासणी काही मोठी गोष्ट नाही. काहीशे डॉलर, दोन-तीन तास, एक अहवाल. विकणाऱ्याने घर बाजारात आणण्यापूर्वी ती एकदा केली की तोच अहवाल सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवता येतो.

सक्तीची कल्पना या राज्याला नवी नाही. न्यू जर्सीत दहा लाखांहून अधिक लोक खासगी विहिरीचे पाणी पितात. तिथल्या २००१ च्या कायद्याने अशा घराच्या विक्रीपूर्वी पाण्याची चाचणी बंधनकारक केली, आणि निकाल दोन्ही बाजूंनी पाहिल्याचे लिहून दिल्याशिवाय क्लोजिंग, म्हणजे विक्रीची अंतिम पूर्तता, होत नाही. ‘तुम्हाला पाण्यात दोष असल्याचे ठाऊक आहे का’ एवढे विचारून कायदा थांबला नाही, त्याने बाटलीत नमुना घ्यायला लावला. त्यामुळे विहिरीच्या घरांचा बाजार बंद पडला नाही. पाण्याला जे लावले ते मातीला लावायला हरकत कोणती, याचे उत्तर मला कुठे मिळालेले नाही.

काका आता धोक्याच्या प्रमाणावर येतात. “तुम्ही विषाच्या गोष्टी करता, पण हे काही केमिकल कारखान्याचं सांडपाणी नाही. ज्या तेलावर ट्रक चालतात तेच हे तेल. मातीतले जंतू ते हळूहळू खाऊन टाकतात. प्रदूषित जागांच्या सफाईच्या संघराज्याच्या सुपरफंड कायद्यातूनसुद्धा पेट्रोलियम वगळलंय. खरा धोका आहे तो खोदणाऱ्यांचा. भोक दिसलं की ट्रकमागून ट्रक माती उचलतात आणि बिल पाठवतात. त्यापेक्षा टाकी साफ करून आत वाळू भरली, की झालं. नियमाने तेही चालतं.”

यातले बरेचसे मला मान्य आहे. जंतू हे तेल खातात. टाकीतून थोडे तेल सुटून आसपासच्या मातीतच राहिले असेल, तर त्याने घरातल्या कोणाचे काही बिघडण्याची शक्यता कमी असते. कंत्राटदाराच्या हाती निर्णय सोडला तर गरजेपेक्षा जास्त माती जाऊ शकते, हेही खरे. कारण किती माती उचलायची हे सांगणारा आणि उचलण्याचे पैसे घेणारा एकच असतो. म्हणून शोधणारी संस्था आणि सफाई करणारी संस्था वेगळी असावी, अशी अट सक्तीच्या कायद्यात हवीच. २०१८ मध्ये राज्याने घरगुती ऑइल टाक्यांच्या सफाईसाठी वेगळी नियमावली केली. पेट्रोल पंपाचा मापदंड घराच्या अंगणाला लावायचा नाही, एवढे त्यातून मान्य झाले. पण जंतूंना प्राणवायू लागतो. घट्ट चिकणमातीत, टाकीच्या पोटाखाली, तो फार कमी पोचतो. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे खाली झिरपत भूजलापर्यंत गेले की त्यावर थर करून राहते आणि पाणी वाहील तिकडे त्यातले विरघळणारे अंश जातात. त्यांत नॅफ्थलीन असते, थोडे बेंझीनही असते. भूजल उथळ असेल, जवळ विहीर असेल, किंवा टाकी घराच्या पायाला लागून असेल आणि वाफा बेसमेंटच्या भेगांतून वर येत असतील, तर काकांचे ‘हळूहळू’ फार हळू ठरते. कोणत्या अंगणात काय स्थिती आहे हे न पाहता सांगता येत नाही. धोका बहुतेकदा लहान असतो, हा पाहण्याच्या बाजूचाच मुद्दा आहे: लहान असेल तेव्हा लहान खर्चात मिटवता येतो.

वाळू भरण्याबद्दल बोलायचे तर नियमाने टाकी जागीच बंद करता येते, आणि ती घराच्या पायाखाली किंवा गॅसच्या नळाला चिकटून असेल तर तेच शहाणपणाचे. अंगणातल्या मोकळ्या टाकीला मात्र ते करू नये असे माझे मत आहे. वाळू भरलेल्या टाकीची खालची बाजू कोणीच पाहिलेली नसते. आजूबाजूच्या मातीचे नमुने घेतले नसतील तर पुढचा घेणारा, त्याची बँक आणि त्याचा विमावाला तोच प्रश्न पुन्हा विचारतात, आणि मग वाळूने भरलेली, दुप्पट खर्चाची टाकी उचलावी लागते. एक भीती मात्र विनाकारण पसरलेली आहे. नुसती टाकी सापडली म्हणून पर्यावरण खात्याला कळवावे लागत नाही. गळतीचा पुरावा दिसला तर कळवणे बंधनकारक आहे. न गळलेली टाकी नगरपालिकेच्या परमिटवर, तपासनिसाच्या देखत निघते, खड्डा भरतो आणि विषय संपतो. त्याला काही हजार डॉलर लागतात. गळती झालेली असेल तर आकडा दहा हजारांच्या पटीत जातो आणि भूजल बिघडले असेल तर लाखाच्या घरात. याचा अर्थ, आज धड असलेली टाकी आज काढणे हाच काकांसाठी सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

“आणि गळती निघालीच तर?” काका विचारतात. “माझ्या घराच्या पॉलिसीत प्रदूषण वगळलेलं आहे. सरकारी मदतीचं नाव ऐकलंय, पण पैसा संपलाय म्हणतात. तुमची सक्ती म्हणजे सत्तरी-पंचाहत्तरीच्या माणसाला कर्जात लोटणं. आणि नव्या मालकाला नंतर काही सापडलं, तर कोर्टं आहेत ना?”

कोर्टे आहेत, पण त्यांच्याकडून काय मिळते ते पाहा. मॉरिसटाउनच्या एका व्यापारी संकुलाचा खटला २०१५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या ड्रायक्लीनरच्या दुकानाची तेलाची टाकी शाबूत होती, पण भरणीचा आणि हवेचा पाइप गंजून फाटले होते; दरवेळी टाकी भरताना तेल जमिनीत जात होते आणि हे १९८८ च्या सुमारापासून चालू असल्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ठरवले की स्पिल अ‍ॅक्टखाली इतर जबाबदारांकडून खर्चाचा वाटा मागायला कालमर्यादा नाही. निर्णय चांगला आहे, पण तो सफाई करून बसलेल्या मालकाला दिलेला दावा लावण्याचा हक्क आहे. तेल कोणत्या वर्षी सुटले, त्यावेळी मालक कोण, पुरवठादार कोण, हे तज्ज्ञांकडून सिद्ध करून घेण्याची ऐपत सामान्य कुटुंबाला नसते. त्याच वर्षी त्याच न्यायालयापुढे शेजारच्या घराच्या टाकीतून आलेल्या तेलाचा खटला होता. निष्काळजीपणा किंवा तत्सम दोष दाखवता येत नसेल, तर केवळ उपद्रव आणि अतिक्रमण या नावाखाली शेजाऱ्याकडून भरपाई मागता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. ज्याची टाकी नाही, ज्याने तेल जाळले नाही, त्या शेजाऱ्याला जागेचा भाव पडल्याबद्दल काही मिळत नाही. कोर्ट हा तेल बाहेर आल्यानंतरचा उपाय आहे आणि तो महाग आहे.

पैशाबाबत मात्र काकांचे म्हणणे मी पूर्ण स्वीकारतो, आणि माझ्या मागणीचा दुसरा भाग त्यातूनच येतो. शोध सक्तीचा करायचा आणि सफाईचे ओझे ज्याच्या नावावर आज सातबारा आहे त्याच्यावर टाकून द्यायचे, हे न्याय्य नाही. न्यू जर्सीने हे एकदा ओळखले होते. १९९६ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून कंपनी कराचा चार टक्के हिस्सा पर्यावरणाच्या कामांसाठी राखला आणि त्यातून जमिनीखालच्या टाक्यांसाठी अनुदानाचा निधी उभा राहिला. अर्जांचा ढीग लागला, पैसा पुरला नाही. निधी कमी पडला याचा अर्थ त्याची गरज मोठी होती असा होतो. डेन्मार्कने वेगळी वाट धरली. तिथे २००० पासून घरगुती ऑइल टाकीतून होणाऱ्या प्रदूषणाचा विमा तेल विकणाऱ्या कंपन्यांनाच आपल्या ग्राहकांसाठी उतरवावा लागतो. ज्याने तेलावर नफा कमावला त्याने त्याच्या सांडण्याची तरतूद करायची, हे तत्त्व मला पटते. न्यू जर्सीत आज विकल्या जाणाऱ्या हीटिंग ऑइलवर गॅलनमागे लहानसा आकार आणि घरविक्रीच्या नोंदणी शुल्कात छोटी भर, यातून बेवारस टाक्यांचा निधी पुन्हा भरता येईल. निवृत्त मालकाला त्यातून आधी मदत मिळावी. घराच्या भावाचे म्हणाल काका, तर शोधल्यामुळे भाव पडत नाही. टाकी आधीपासून आहे. न शोधता मिळालेला जास्तीचा भाव पुढच्या मालकाच्या खिशातून आलेला असतो.

कायदा बदलायला वर्षे लागतील आणि घरे तर दर आठवड्याला विकली जात आहेत. तोवर घेणाऱ्याने स्वतःच करायच्या गोष्टी आहेत. घर १९८० च्या आधीचे असेल तर बोली लावण्यापूर्वी बेसमेंटच्या भिंती बारकाईने पाहा: कापलेल्या तांब्याच्या नळ्या, सिमेंटने बुजवलेले जुळे भोक, भिंतीवरचा जुना तेलाचा काटा. बाहेर व्हेंट पाइप आणि गवतातले लोखंडी झाकण शोधा. नगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करून टाकीचे परमिट मागा. उत्तर साधारण सात कामाच्या दिवसांत येते. रिअल्टरने केलेल्या कराराला अ‍ॅटर्नी रिव्ह्यूसाठी तीन कामाचे दिवस मिळतात, त्या तीन दिवसांत वकिलाकरवी टँक स्वीपची, म्हणजे जमिनीखालची टाकी शोधण्याच्या तपासणीची, अट आणि टाकी निघाल्यास ती क्लोजिंगपूर्वी काढून देण्याची अट लिहून घ्या. घरासाठी बाकीचे सगळे इन्स्पेक्शन सोडण्याची वेळ आली तरी हे एक सोडू नका. आणि विकणारे काका-मावशी हो, घर बाजारात आणण्याआधी हे काम तुम्हीच करून घ्या. क्लोजिंगला दहा दिवस उरले असताना सापडलेली टाकी सौदाही घालवते आणि खर्चही वाढवते.